रिकाम्या बाटलीतलं प्रथिन

८ एप्रिल २०२५, मंगळवार. जळगाव

आजपासून मी लबाड. हे माझं म्हणणं नाही, संस्थेच्या खरेदी समितीने तसं टाइप करून दिलंय. 'संशोधक विद्यार्थिनी कु. दिपमाला अभिमन चौधरी यांनी मागविलेली बाटली तपासणीअंती रिकामी आढळली. सबब खुलासा करावा.' सबब! चुलतभावाच्या लग्नाला चार दिवस रावेरला काय गेले, इकडे माझीच वाजंत्री वाजली.

बाटली करंगळीच्या पेराएवढी. तिच्यात माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन आहे, ट्रेल त्याचं नाव. माणसाचा जनुक जिवाणूत घालतात आणि जिवाणूंकडून ते बनवून घेतात. कर्करोगाच्या पेशीला हे प्रथिन चिकटलं की तिला आतून हुकूम सुटतो, मर. निरोगी पेशी सहसा त्याला दाद देत नाहीत. तोंडाच्या कर्करोगाच्या काही पेशी हा हुकूम पाळतात आणि काही निगरगट्ट बसून राहतात, असं का, एवढ्या एका प्रश्नावर माझी पीएच.डी. उभी आहे. परदेशातून बाटली यायला तीन महिने लागले. जूनमध्ये मला प्रगती अहवाल द्यायचा आहे. तो दिला नाही तर नोंदणी रद्द.

आणि बाटली रिकामी दिसते, कारण ती रिकामी दिसणारच! आत एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. तोही वाळवलेला, काचेच्या आतून फुंकर मारल्यासारखा पसरलेला. भिंग लावून बघितलं तरी दिसत नाही. हे बाटलीबरोबरच्या कागदावर छापलेलं आहे. उघडण्याआधी यंत्रात फिरवून सगळं तळाशी आणा, असंही छापलेलं आहे. पण आमच्याकडे कागद वाचायच्या आधी वस्तू तोलतात.

त्याचं कारण समितीचे अध्यक्ष निर्मलकुमार शेठ. सराफ बाजारात तिसरी पिढी, संस्थेचे विश्वस्त. सख्ख्या भावाने दिलेली पुडीसुद्धा पेढीवर उघडून, तोलून मगच आत घ्यायची, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. तोच त्यांनी कॉलेजच्या भांडारात आणला. तिथे काचेच्या पेटीत खरोखरचा सोन्याचा काटा ठेवलाय. मागच्या वर्षी बर्फात आलेली रसायनं तोलता तोलता सगळा बर्फ वितळला होता. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता भोगा म्हणावं.

खुलासा मी एका ओळीत लिहिला. 'बाटली रिकामी नाही.' ललित सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तो वाचून चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जरा मवाळ लिही ना," म्हणाले. मी म्हटलं, सर, यापेक्षा मवाळ मला येत नाही.

९ एप्रिल, बुधवार

सुपडूभाऊंना गाठलं. भांडाराच्या चाव्या त्यांच्याकडे. नशिराबादहून रोज स्कूटरवर येतात, सज्जन माणूस. आधी नोंदवही चाळत बसले. मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "ताई, मी कारकून मानूस. शेठजी म्हने चावी दे, मी चावी देली."

शनिवारी दुपारी शेठ एकटेच आले होते. समितीचे बाकीचे दोघे नव्हतेच. खोक्यावरचं इंग्रजी त्यांनी सुपडूभाऊंकडून वाचून घेतलं. "मले दोनदा इचारलं, कॅन्सर असंच लिहेल हाये ना? मी म्हनलं, हो, कॅन्सर रिसर्च लिहेल हाये." मग शेठनी दार लोटून घेतलं. सोबत चांदीची वाटी होती आणि बटर पेपरचे कापलेले चौकोनी तुकडे. हिरे-माणकांच्या पुड्या बांधतात तसले. पिशवीत दुधाची छोटी बाटलीपण होती, पण ते चहासाठी असेल, असं सुपडूभाऊ म्हणाले.

बाटली काट्यावर उलटी केली, टिचक्या मारल्या, काटा शून्यावरच. परत उलटी केली. "शेठजीचा हात असा थरथरे, ताई. मले वाटलं शुगर वाढली. मंग एकदम वरडले, फसवलं, रिकामी हाये, फसवलं."

बघा! संस्थेची एक बाटली रिकामी निघाली म्हणून हात थरथरावेत इतका संताप. कंजूषपणाची हद्द झाली. माझ्या बाटलीतून काय हिरे निघतील असं वाटलं होतं की काय, पुड्या बांधायचे कागदसुद्धा कापून आणले होते!

खरं ते लिहून ठेवते. जानेवारीत मागणीपत्र भरताना 'विशेष सूचना' हा रकाना मी कोरा सोडला होता. 'भांडारात उघडू नये' एवढे तीन शब्द लिहिले असते तर हे झालंच नसतं. घाई होती, चहा थंड होत होता. हे मी कुणाला सांगणार नाही. पण इथे तरी खोटं कशाला लिहू?

१० एप्रिल, गुरुवार

महावीर जयंतीची सुट्टी. खोलीच्या गॅलरीतून मिरवणूक दिसली. पांढऱ्या सदऱ्यात शेठ पुढे होते. त्यांच्या पत्नी हीराबाई दरवर्षी बायकांच्या घोळक्यात पुढे असतात, स्तवनं म्हणतात, आवाज खणखणीत. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या कार्यक्रमात त्यांनी मला जवळ बोलावून खडीसाखर दिली होती. या वर्षी दिसल्या नाहीत. शेठ चौकापर्यंत आले आणि कुणाशी न बोलता गल्लीतून निघून गेले. पेढी उघडायची घाई असणार, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

११ एप्रिल, शुक्रवार

आज समितीपुढे हजेरी. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मध्ये लिफाफ्यात लाखेची मोहर लावून माझी एवढीशी बाटली. एखाद्या खुनातला सुरा ठेवावा तशी.

मी शांतपणे समजावलं. निदान सुरुवात तरी शांतपणे केली. काट्याला एक मिलिग्रॅम कळतो, आतला माल त्याचा शंभरावा हिस्सा. शेठ म्हणाले, "जे काट्याला कळत नाही ते नसतं. पन्नास वर्षं हाच धंदा केला."

मग माझा पारा चढला. म्हटलं, "शेठजी, तुमच्या पेढीतला केर तुम्ही टाकून देता का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रोज सकाळी सराफ बाजारातून चालत येते मी, मला ठाऊक आहे. पेढ्यांतला, गटारांच्या तोंडाचा केरसुद्धा झारेकरी पैसे मोजून नेतात आणि धुऊन त्यातून सोनं काढतात. "त्या केरात सोनं दिसतं का तुम्हाला? काट्यावर येतं का? तरी तुम्ही तो फुकट देत नाही. माझी बाटली म्हणजे तसला केर समजा."

बाकीचे दोघे टेबलाखाली बघत होते, बहुतेक हसू लपवत. शेठनी भलतंच विचारलं. "हे टोचतात की पोटातून देतात?"

मी म्हटलं, "कुणालाच देत नाहीत. पेशींवर घालतात, काचेच्या ताटलीत."

"पण मरतात ना त्याने? वाईट तेवढ्याच मरतात, चांगल्या राहतात, असं तू लिहिलंयस अर्जात."

"ताटलीत मरतात."

"एका माणसाला किती लागेल?"

माझी परीक्षा घेत होते, मला गोंधळात पाडायला. मी म्हटलं, तो माझा विषय नाही. ललित सर खोकले. शेवटी ठरलं काय, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत मला प्रयोगशाळा बंद. बाटली सदोष म्हणून नष्ट करायची.

मी उठले. "रिकामी आहे ना? मग मला द्या. रिकामी बाटली नष्ट करायला समिती कशाला हवी?"

रिकामी आहे म्हणायचं आणि देत नाही म्हणायचं, दोन्ही कसं जमणार? शेठनी स्वतः लिफाफा माझ्याकडे सरकवला. पण एकदम सोडला नाही. दोन बोटं त्यावर तशीच राहिली, मला जवळजवळ ओढून घ्यावा लागला. सोडवत नाही माणसाला, अगदी कचरासुद्धा!

१३ एप्रिल, रविवार. धुळे

जळगावात दार बंद, तर धुळ्याचं उघडं. माझा सीनियर भूपेंद्र इथल्या एका खासगी प्रयोगशाळेत पेशी वाढवतो. एसटीत दोन-अडीच तास बर्फाचा डबा मांडीवर घेऊन आले. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, कुल्फी आहे का?

भूपेंद्रने बाटली उजेडात धरली आणि खो खो हसला. "रिकामी बाटली धोवाले धुळे ऊनी का तू?"

"हो. मशीन देतोस की परत जाऊ?"

"मस्करी करसू, पन मशीन तुलेच देसू," म्हणाला. असा मित्र हवा.

भीती वाटतेय, ते लिहिते. बाटली उलटी करून टिचक्या मारल्यात. काट्याच्या पारड्यावर किती गेलं, हवेत किती गेलं, देव जाणे. पण असं वाळवलेलं प्रथिन काचेला आणि बुचाच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटून राहतं. थोडं तरी उरलंच पाहिजे. उरलं नसेल तर? तर समिती बरोबर आणि मी तोंडाळ मूर्ख.

आधी बुचासकट यंत्रात फिरवली. मग निर्जंतुक पाण्याचे शंभर मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन-तीन थेंब, आत सोडले. बाटली आडवी करून, उलटी करून अर्धा तास हातात हळूहळू फिरवत बसले, म्हणजे भिंतीचा कोपरा न् कोपरा धुतला जाईल. हलवायची नाही, फेस आला की प्रथिन बिघडतं.

भूपेंद्रने नेमका मुद्दा काढला. बाटली उघड्यावर राहिली होती, धूळ गेली असेल, शेठजींचा हात लागला असेल. पेशी मेल्या तरी लोक म्हणतील घाणीने मेल्या. बरोबर आहे. म्हणून त्यातला एक भाग मी वेगळा काढून दहा मिनिटं उकळला. घाण असेल तर ती दोन्हींत सारखीच आहे, पण उकळल्यावर प्रथिन कामातून गेलं. आता ताटलीत तीन खाने. एकात नुसत्या तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी, दुसऱ्यात उकळलेलं, तिसऱ्यात न उकळलेलं. तिसऱ्यातल्याच मेल्या तर कुणाचं तोंड उघडणार नाही.

संध्याकाळी सहाला ताटली पेशी वाढवायच्या उबदार पेटीत ठेवली. भूपेंद्रच्या आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मी चार घास खाल्ले, तेही तिचा मान ठेवायला.

१४ एप्रिल, सोमवार. धुळे

मेल्या!

दुपारी चारला सूक्ष्मदर्शकातून बघितलं. पहिल्या खान्यात पेशी तळाला चिकटून, हातपाय पसरून मजेत. दुसऱ्यातही तशाच. तिसऱ्यात आकसलेल्या, फुगे फुगे आलेल्या, तळ सोडून तरंगणाऱ्या. भूपेंद्र मला ढकलून भिंगाला डोळा लावून ओरडला, "मरी ग्यात वं! बठ्ठ्या मरी ग्यात!"

बठ्ठ्या नाही. दहातल्या सात. मी मोजल्या, तीनदा मोजल्या. उरलेल्या तीन का मेल्या नाहीत, तोच तर माझा अभ्यास. पण आज मला त्या तिघींवरही राग नाही.

रिकामी म्हणे! पारड्यात उलटून, टिचक्या मारून, उघड्यावर टाकून जे उरलं त्याने एवढं केलं. फोटो काढले, तारीख-वेळ टाकून, भूपेंद्रच्या सहीने. बाटली धुतलेलं पाणी अजून अर्धं शिल्लक आहे, बर्फात ठेवलंय. आता या म्हणावं समोर.

१७ एप्रिल, गुरुवार. जळगाव

ललित सर वाईट नाहीत. सज्जन आहेत, तीच तर अडचण आहे. फोटो बघून त्यांचा चेहरा उजळला, खरंच उजळला. मग विझला. म्हणाले, "उत्तम काम आहे. पण आता शेठजींना चुकलात असं सांगणार कोण?"

"मी सांगते."

"तसं नको." त्यांनी खणातून टाइप केलेला कागद काढला. 'बाटलीतील घटक हाताळताना माझ्याकडून अनवधानाने सांडला. मी दिलगीर आहे.' खाली माझं नाव, सहीची जागा कोरी. म्हणजे बाटली भरलेली होती हेही ठरलं आणि शेठ चुकले नाहीत हेही ठरलं. सगळ्यांची अब्रू राहिली. माझी सोडून.

"सर, ज्या दिवशी सांडली त्या दिवशी मी रावेरला अक्षता टाकत होते."

"दिपमाला, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

कागद घडी करून पर्समध्ये घातला. सही करणार नाही. जूनमध्ये अहवाल गेला नाही तरी नाही, नोंदणी गेली तरी नाही. विज्ञानात एकदा खोटी सही केली की मग पुढच्या प्रत्येक आकड्याकडे लोकांनी का विश्वासाने बघावं?

आबांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. त्यांच्याकडे केळीचा ट्रक भरणं चाललं होतं, मागून हमालांचा गलका. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "काहून घाबरते वं? तुनं सांडेल नाही ना? मंग झालं." आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी ये, झोका बांधतो, म्हणाले. चोवीस वर्षांची घोडी झाले तरी त्यांना मी झोक्यावरच दिसते.

२१ एप्रिल, सोमवार

आज काय झालं ते सावकाश लिहिते.

बिनसहीचा कागद शेठच्या हातात स्वतः द्यायचा, असं ठरवून सकाळी दहाला त्यांच्या घरी गेले. काय काय बोलायचं ते रस्त्यात पाठ केलं होतं. दार हीराबाईंनी उघडलं. मी ओळखलं नाही. पदर अर्ध्या चेहऱ्यावरून ओढलेला, डावा गाल सुजून टणक झालेला, नाकात बारीक नळी. त्या मला ओळखून हसल्या, डोळ्यांनी.

ओट्यावर ओळीने बटर पेपरच्या पुड्या होत्या. वैद्याच्या असतात तशा, चौकोनी घडीच्या. शेजारी चांदीची वाटी आणि दूध.

मला तिथेच उभ्या उभ्या समजलं. दुधाची बाटली चहासाठी नव्हती. पुड्यांचे कागद हिऱ्यांसाठी नव्हते. आणि मी चौदा दिवस त्या माणसाला कंजूष म्हणत होते.

शेठ आतून आले. माझ्या हातातला कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसले. मुंबईला ऑपरेशन झालं होतं, कर्करोग परत आलाय, म्हणाले. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा सांगितलं. "सुपारीशिवाय दुसरं व्यसन नाही हिला. अर्जात तू लिहिलं होतंस, वाईट पेशी मरतात, चांगल्या राहतात. मी तीन महिने त्या पार्सलची वाट बघत होतो, तुझ्यापेक्षा जास्त. म्हटलं, अर्धं घेऊ, चार पुड्या करू, अर्धं तुझ्यासाठी ठेवू. आणि आत काहीच नाही." मग खाली बघून म्हणाले, "आता आहे म्हणतेस, तर दे ना थोडं."

द्यायला काय जात होतं? दोन थेंब पाणी. त्यांना बरं वाटलं असतं.

"नाही, शेठजी," मी म्हटलं. "हे औषध नाही. माणसांवर याच्या चाचण्या झाल्या, परदेशात, मोठ्या. ताटलीत जमतं ते शरीरात जमलं नाही. दुधातून दिलं तर पोटातच पचून जाईल, आणि प्रयोगशाळेची वस्तू आहे, उलट अपाय होईल. मी देणार नाही."

ते संतापले. "मग उपयोग काय त्याचा? कशाला करता हे सगळं?"

"का जमलं नाही ते शोधायला. तीन पेशी का मरत नाहीत ते शोधायला." माझाही आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही एकदम. "आणि ते शोधायला तुम्हीच मला कुलूप लावलंय."

हीराबाई दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होत्या. त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातला कागद घेतला, वाचला आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. मला पाणी दिलं, उकळून गार केलेलं, त्यांच्या घरी तसंच पितात.

सगळे अपमान आठवून ठेवले होते मी. आता ते कुठे ठेवू?

पण सही करणार नाही. वाईट वाटणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं.

२३ एप्रिल, बुधवार

समितीची बैठक. फोटो टेबलावर मांडले. तीन खाने, तीन फोटो. उकळलेल्याचा मुद्दा सांगितला तेव्हा दोघा सदस्यांनी माना डोलावल्या. मग अपेक्षेप्रमाणे एकजण म्हणाले, म्हणजे हाताळणीत कुणाकडून तरी सांडलं, विद्यार्थिनीने तसं लिहून द्यावं आणि विषय संपवावा. ललित सर माझ्याकडे विनवणीने बघत होते.

मी म्हटलं, "मी लिहून देणार नाही."

मी खरं काय ते सांगू शकले असते, सगळं. जिभेच्या टोकावर होतं. पण हीराबाईंचा गाल त्या टेबलावर मांडायचा मला काय अधिकार? मी तोंड मिटून उभी राहिले. माझ्या तोंडाला ती सवय नाही, त्रास झाला.

शेठनी सुपडूभाऊंकडून नोंदवही मागवली. स्वतःच्या हाताने, सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'दि. ५ एप्रिल रोजी बाटली मी एकट्याने उघडली व उलटी केली. कारण खाजगी. बाटली रिकामी नव्हती. विद्यार्थिनीचा दोष नाही. यापुढे अशा वस्तू भांडारात उघडू नयेत.' सही केली आणि कुणाकडेही न बघता गेले. माझ्याकडेसुद्धा.

प्रयोगशाळा उघडली. ललित सर मला "अभिनंदन" म्हणाले आणि हात पुढे केला. मी हात मिळवला, पण त्यांचा टाइप केलेला कागद अजून माझ्याकडे आहे, हे त्यांना सांगून ठेवलं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

आबांचा झोका यंदा रिकामाच. कालपासून बाटलीतल्या उरलेल्या पाण्यावर शेवटची ताटली लावली होती, पेशी काही सणवार पाळत नाहीत. कॉलेजात कुणी नव्हतं. सुपडूभाऊंनी दार उघडून दिलं आणि पुरणपोळी खायला घरी पळाले.

अकराच्या सुमाराला गाडीचा आवाज आला. आज सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते, वर्षातला सोनं घ्यायचा सगळ्यात मोठा दिवस. आणि शेठ पेढी सोडून जिना चढत होते, हीराबाईंना धरून, एकेक पायरी.

"ऐकत नाही," शेठ म्हणाले. "म्हणते, बघायचंय."

हीराबाईंना खुर्ची दिली. भिंगाची उंची जुळवली. पहिल्या खान्यातल्या जिवंत पेशी दाखवल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. बोलताना त्यांना फार त्रास होतो, शब्द चावत चावत येतात. "माझ्या... अशाच?"

"त्याच जातीच्या, काकी."

मग ताटली सरकवून तिसरा खाना आणला. आकसलेल्या, फुटलेल्या, तरंगणाऱ्या. मी बाजूला उभी होते आणि मनात धास्ती होती. आयुष्यभर पाणी गाळून, उकळून प्यायलेली बाई. सूर्यास्तानंतर अन्नाला न शिवणारी, दिव्यावर किडा येऊ नये म्हणून जपणारी. तिला मी हे दाखवतेय, हजारो जीव मारून. शेठनाही तेच वाटलं असावं. त्यांनी हात जोडले आणि पुटपुटले, "मिच्छामि दुक्कडं." कळत-नकळत कुठल्याही जीवाला दुखावलं की त्यांच्यात अशी क्षमा मागतात.

हीराबाईंनी भिंगावरून डोळा काढला. हातानेच नवऱ्याचे जोडलेले हात खाली केले.

"मुंगी दिसली... तर पाय उचलला मी," त्या म्हणाल्या. एकेक शब्द वेगळा, पण प्रत्येक स्पष्ट. "पण ह्यांची..." त्यांनी ताटलीकडे हात केला, "माफी नाही मागायची." मग माझ्याकडे बोट केलं. "हिची माग."

शेठ माझ्याकडे वळले. सत्तरी ओलांडलेला माणूस, आमच्या संस्थेचा विश्वस्त. मी नको नको म्हणत मागे सरले तर पाठीला पेटी लागली. त्यांनी हात जोडले, मान खाली केली आणि तेच दोन शब्द म्हणाले, पण या वेळी मोठ्याने. मला कुठे बघावं कळेना. म्हणून मीही हात जोडले, चौदा दिवसांच्या कंजूषासाठी.

हीराबाईंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या केव्हाच परत भिंगाला डोळा लावून बसल्या होत्या. शेठची सावली काचेवर पडत होती, तर न बघताच त्यांनी त्यांना हाताने बाजूला केलं.

"सरका," म्हणाल्या. "मरताना दिसू दे."